जोडप्याची जागा

टेबलाभोवती तिसरा फेरा घालत होते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी चालते आहे. हातात ओलं फडकं होतं. दोन्ही हात छातीच्या उंचीवर पुढे धरलेले, अंग जरा झुकलेलं, आणि पावलं बेतानं, एकासारखी एक पडत होती. शेगडीवरचं चहाचं पाणी आटून निम्मं झालं होतं. खिडकीबाहेर पूल फिरत होता आणि त्याला कोणी ढकलत नव्हतं. पुलाखाली बसवलेली मोटर गुरगुरत होती, वरच्या केबिनमध्ये हे एक मूठ धरून उभे होते, आणि मी खाली स्वयंपाकघरात टेबलाला प्रदक्षिणा घालत होते. मला आधी हसू आलं. मग खुर्ची ओढून बसले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मोटरीचा तो तिसरा दिवस. सात वर्षं मी दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा त्या चरकाला जुंपले जात होते, आणि आता मला कोणी हाक मारत नव्हतं. खांदे सुखावले होते, खोटं कशाला बोलू? कूस बदलताना येणारी कळ थांबली होती. पण ज्या कामासाठी मला या घरात आणलं होतं ते काम संपलं होतं, आणि सुटलेल्या बैलाला गोठ्यात ठेवायचं की बाजारात न्यायचं, हे काही बैल ठरवत नसतो.

चरक हे नाव आमचं. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक म्हणत. पुलाच्या बरोबर मध्यावर एक जाड लोखंडी खांब आणि त्यातून आरपार गेलेला लांब लाकडी दांडा, एवढंच ते प्रकरण. कालव्यातून कोळशाची नाहीतर वाळूची बोट आली की ती शिट्टी द्यायची. आम्ही घंटा वाजवून दोन्हीकडची फाटकं लावायचो, गाड्या, घोडे, ट्राम, माणसं सगळी जागच्या जागी खोळंबायची आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग आम्ही दांड्याच्या दोन टोकांना उभे राहायचो, हे एका टोकाला, मी दुसऱ्या, तोंडं विरुद्ध दिशांना, मध्ये तो खांब. वीस फेरे घातले की पूल रस्त्यापासून सुटून कालव्याच्या धारेत सरळ व्हायचा आणि बोटीला वाट मिळायची. दोघांची चाल सारखी असली तरच तो मुकाट्यानं फिरे. एकानं घाई केली, दुसरा रेंगाळला, की दांडा कण्हायला लागायचा आणि मनगटात झिणझिण्या यायच्या. पुलाला चिकटून असलेलं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि जिना चढून केबिन. एवढ्याशा जागेत दोन परके गडी कोण ठेवणार? म्हणून कालव्याच्या कचेरीच्या दप्तरात आमच्या पुलापुढे लिहिलेलं होतं, ‘जोडप्याची जागा’. जोडपं असेल तर नोकरी, नसेल तर चालते व्हा.

माझ्याआधी ह्यांच्याबरोबर ह्यांची आई चालायची. वडील होते तोवर वडिलांबरोबर, नंतर मुलाबरोबर. ती गेली तेव्हा कचेरीनं ह्यांना तीन आठवड्यांची मुदत दिली, बायको आणा नाहीतर घर खाली करा. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. धुलाईखान्यात कॉलरींना खळ लावून इस्त्री मारायचं काम करत होते आणि ताईच्या घरी स्वयंपाकघरात पथारी टाकत होते. भावजी माणूस वाईट नव्हते, पण घर लहान होतं आणि मी काही लहान नव्हते. भावजींच्या ओळखीचा एक बोटवाला होता, त्याच्याकडून त्यांना या जागेचं समजलं आणि एका रविवारी हे आमच्याकडे आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. ताईनं माझ्या शिवणकामाचं कौतुक सांगितलं, ते ऐकलंसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला. “जरा उभ्या राहता का?” मी उभी राहिले. हेही उभे राहिले, माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, आणि तळहात आपल्या खांद्यावरून माझ्या खांद्याकडे सरकवला. बोटभर फरक होता. “चालेल,” म्हणाले. लोक मुलगी बघायला येतात, हे खांदा बघून गेले. ताई आठवडाभर हसत होती. हसता हसता एकदा डोळे पुसून म्हणाली, “घाण्याला जुंपली गं तुला आम्ही.” मी म्हटलं, “घाण्याच्या बैलाला निदान स्वतःचा गोठा असतो.” बोलून गेले, पण मला वाटत होतं तसंच. मला दार लावून घेता येईल अशी एक जागा हवी होती. नवरा तिच्याबरोबर येत होता, जसा कुलपाबरोबर किल्ल्यांचा जुडगा येतो.

बोलणी भावजींनीच केली. व्यवहारी माणूस, सगळं आधी बोलून मोकळं झालेलं बरं असं त्यांचं म्हणणं. “पूल हातानं फिरतोय तोवर तुम्ही एकमेकांचे. पुढेमागे काही बदल झाला तर कोणी कोणाला अडवायचं नाही. काय?” ह्यांनी मान हलवली. मीही हलवली. दुसऱ्या दिवशी कचेरीत दोन सह्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी दांड्याला होते. मी खोलीत झोपायची, हे वर केबिनमध्ये. त्या वेळी मला ती अट सोयीची वाटली होती, हेही सांगितलं पाहिजे. दार आतून लावता येतं आणि वेळ आली तर बाहेरूनही लावता येतं, असं माझ्या मनात होतं.

आता त्या खुर्चीत बसून, फडकं पिळत, मी ती अट पुन्हा पुन्हा आठवत होते आणि मला भावजींचा इतका राग आला की ते समोर असते तर काय बोलले असते कोण जाणे. मोटर येणार असं कळेपर्यंत त्या वाक्याची मला आठवणही झाली नव्हती. तो पूल कधी हातानं फिरायचा थांबेल हे कोणाच्या स्वप्नात होतं? मध्यावर गेल्यावर, फेरे पुरे झाल्यावर, बोट जाईपर्यंत आठ-दहा मिनिटं आम्हाला तिथेच थांबावं लागे. पूल उघडा, दोन्ही काठ तुटलेले, खाली पाणी. कोणी आमच्याकडे येऊ शकत नव्हतं, आम्ही कुठे जाऊ शकत नव्हतो. आमचा संसार झाला तो तिथे. पहिलं वर्षभर हे मला ‘तुम्ही’ म्हणायचे. बोट आली का बघा, तेल घाला, पाय जपून टाका. मग एके दिवशी फळीवर वंगण सांडलं होतं, माझा पाय सटकला, मी दांड्याला लोंबकळले, आणि खांबाच्या पलीकडून ओरडा आला, “अगं, सांभाळ!” बोट निघून गेली तरी हे कानापर्यंत लाल. मी म्हटलं, “आता परत तुम्ही-आम्ही करू नका, दमायला होतं.” त्या दहा मिनिटांतच मला कळलं, की ह्यांना मोठ्या आवाजात बोलणारी माणसं आवडत नाहीत, की आईच्या शेवटच्या दिवसांत तिचा भार स्वतःकडे घेऊन हे दोघांचं ढकलायचे आणि तिला ते कळू द्यायचे नाहीत, की माझ्या हातचा चहा ह्यांना पातळ लागतो पण चार वर्षं बोलले नाहीत. मीही सांगायची. धुलाईखान्यातल्या गमती, ताईचं भांडण, काहीबाही. तोंडं विरुद्ध दिशांना असली की बोलणं सोपं जातं.

आणि तो ताप. पाचव्या वर्षी मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. आजारपण कचेरीला कळवलं की बदली गडी येतो, पण नोंद होते, बायको कामाला असमर्थ. ह्यांनी कळवलं नाही. दोन दिवस एकट्यानं पूल फिरवला. मी खोलीत पडून ऐकत होते, गाडीवाले शिव्या घालतायत, ट्रामची घंटा थांबायला तयार नाही, आणि दांडा कण्हतोय, थांबतोय, पुन्हा कण्हतोय. वीस फेऱ्यांना पाऊण तास लागत होता. संध्याकाळी हे आत आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “आज पूल हलका होता बरं का.” तेव्हा मी समजले होते की नोकरी जाईल म्हणून भ्यालेत. तसं समजणं बरं वाटत होतं. माणूस आपल्यासाठी काही करतो असं एकदा मानलं, की मग त्याच्याकडून अपेक्षा सुरू होते, आणि माझ्या हिश्शाला तर करारात फक्त पूल होता.

तर त्या सकाळी मी ठरवलं, की ह्यांनी बोलायच्या आधी आपणच बोलायचं. धुलाईखान्यातली माझी जुनी सोबतीण एकटीच राहत होती, तिला मी महिन्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं. ये म्हणाली होती. हाकलल्यावर जाण्यापेक्षा निरोप घेऊन जाणं बरं. पत्र्याची ट्रंक पलंगाखालून काढली, धूळ झटकली, दोन लुगडी आत ठेवली आणि तिसऱ्याची घडीच जमेना. ती घडी मी चार वेळा घातली. खरं सांगायचं तर मला कुठेही जायचं नव्हतं. मला ह्या ओलसर भिंतींच्या, वंगणाच्या वासाच्या घरात, ह्या न बोलणाऱ्या माणसाजवळ म्हातारं व्हायचं होतं, आणि हे मला त्या लुगड्याच्या घडीपाशी इतकं लख्ख कळलं की मी ट्रंकेच्या काठावर बसून रडले. एवढी वर्षं कळलं नव्हतं असं नाही. पण कळूनसुद्धा त्याच्याकडे बघायची गरज पडली नव्हती, कारण पूल होता.

तेवढ्यात दार वाजलं. मोटर बसवणारा मिस्त्री होता. आठवडाभर तपासणीसाठी तो आमच्याकडेच असायचा, बडबड्या, मनानं साफ. चहा मागायला आला होता. मी डोळे पुसून कप पुढे केला. तो उंबऱ्यातच उभा राहून भुरके मारत म्हणाला, “वहिनी, एक विचारू? राग नका मानू. हे असलं सुख दारात आलं असताना तुम्ही दोघं तिकडे कालव्याच्या वरच्या टोकाच्या पुलावर कशाला निघालात?”

“कोण निघालंय?”

“म्हणजे काय? पूलवाल्यांनी अर्ज दिलाय ना बदलीचा. परवाच. मला साहेबांच्या कारकुनानं सांगितलं. तो वरचा पूल अजून हातानंच फिरतो, जोडप्याचीच जागा. पण अहो, तो केवढा जड! तीस फेरे आहेत तिथे. तिथलं जोडपं खांद्यातून गेलं म्हणून तर जागा रिकामी झाली. आज बारा वाजता कागद साहेबांपुढे जाणार. तुमच्याकडे आलोच होतो, म्हणून म्हटलं विचारावं. इथे एक मूठ दाबायची आणि पगार घ्यायचा, ते सोडून माणसं चरक शोधत जातात, हे काही माझ्या टाळक्यात शिरत नाही.”

माझ्याही शिरत नव्हतं. मग हळूहळू शिरायला लागलं, आणि मी हातातलं लुगडं तसंच घेऊन जिना चढले. केबिनमध्ये हे खिडकीशी उभे होते. हात पाठीमागे. मोटरीची पितळी मूठ पुसून पुसून लखलखीत केलेली. बाजूला ह्यांचा पलंग, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेली चादर. मी एवढ्या वर्षांत त्या खोलीत दहादा आले असेन.

“वरच्या पुलाचा अर्ज दिलात?”

हे वळले नाहीत. “मिस्त्री बोलला वाटतं.”

“मला विचारायचं नाही?”

“विचारणार होतो. मंजूर झाल्यावर.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

खाली पाण्यावरून कोणीतरी कोणाला हाक मारत गेलं. मग हे खिडकीला म्हणाले, “म्हणून तर आधी विचारलं नाही.”

“तीस फेरे आहेत तिथे.”

“माहीत आहे. मी तुझा भार घेतला असता. जमतं मला ते.” आणि मग एकदम, एका दमात, सात वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले. “मोटर येणार असं कळलं तेव्हा तुझी ताई आली होती. तू तिला खाली म्हणालीस, मोटर आली की सुटले मी बाई. मी जिन्यात होतो. मी म्हटलं, ठीकच आहे. ठरलंच होतं तसं, कोणी कोणाला अडवायचं नाही. पण मग मला दुसरा पूल सुचला. तिथे दोन माणसं लागतात. जिथे दोन लागतात तिथे तुला राहावं लागेल असं मला वाटलं. चूक केली. कागद परत घेतो. तुझी तू जा, मी अडवत नाही.”

मी लुगडं ह्यांच्या पलंगावर फेकलं. इतकी चिडले होते आणि इतकी हलकी झाले होते, की काय आधी करावं कळेना. “मी खांद्याबद्दल बोलत होते!” ओरडलेच मी. ह्यांना मोठा आवाज आवडत नाही हे तेव्हा लक्षात राहिलं नाही. “खांदे दुखायचे माझे! दांड्यापासून सुटले असं म्हणत होते! दांड्यापासून आणि तुमच्यापासून यात काही फरक आहे की नाही?” हे वळले. ह्यांचा चेहरा मी समोरून कितीसा बघितला होता? आम्ही बाजूनं बघणारी माणसं. हे मला म्हातारे दिसले, घाबरलेले दिसले, आणि फार चांगले दिसले.

“खाली ट्रंक काढून ठेवलीय मी,” मी सांगितलं, “तुम्ही जा म्हणायच्या आत जायचं म्हणून.”

“मी कशाला जा म्हणेन?”

“एकाच माणसाचं काम उरलंय म्हणून.”

“काम एकाचं आहे,” हे म्हणाले, “जेवायला दोघं आहोत की.”

मी बसलेच त्या ताणलेल्या चादरीवर. हसायला यायला लागलं आणि थांबेचना. दोन शहाणी माणसं, तोंडं विरुद्ध दिशांना करून, एक ट्रंक भरतंय आणि दुसरं नवा चरक शोधतंय. हेही हसले, आवाज न करता, खांदे हलवून. मी म्हटलं, “ऐका. मला आता आयुष्यात काहीही ढकलायचं नाही. पूल नाही, गाडी नाही, खुर्चीसुद्धा नाही.”

“मग इथे काय करशील?” हे खरोखरच विचारत होते. ह्यांच्या आईला, आजीला, कोणालाच त्या घरात नुसतं राहिलेलं ह्यांनी पाहिलं नव्हतं.

“राहीन,” मी म्हटलं. हे पुटपुटल्यासारखं ‘बरं’ म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून एकदम टोपी उचलली, कारण अकरा वाजून गेले होते आणि कागद बाराला साहेबांपुढे जाणार होता.

मूठ मिस्त्रीच्या हवाली करून आम्ही दोघं बाहेर पडलो. दोघं एकदम पुलावरून उतरलो, हे त्या सात वर्षांत पहिल्यांदाच. एक जण गेला की दुसऱ्यानं थांबायचं, ठरलेलं होतं. रस्त्याला लागलो तशी आमची चाल आपोआप जुळली, आणि आपोआपच आमच्यात दांड्याएवढं अंतर पडलं. हे डाव्या कडेनं, मी उजव्या. मधून माणसं जात होती, टोपल्या जात होत्या, एक घोडा गेला. समोरून येणाऱ्या एका बाईनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, तिला वाटलं असेल कडाक्याचं भांडण झालंय. मी तशीच शंभरेक पावलं चालले. हातांचं काय करायचं तेच समजत नव्हतं, ते छातीशी येत होते आणि मी ते खाली घालत होते. शेवटी मी रस्त्याच्या या कडेवरून म्हटलं, “अहो, आता मध्ये खांब नाहीये.” हे थबकले. इकडेतिकडे पाहिलं, जणू खरंच कुठे आहे का बघत होते. मग रस्ता ओलांडून माझ्या बाजूला आले. पुढच्या चौकात ट्रामच्या रुळांवरून जाताना ह्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. ह्यांचा तळवा खरखरीत होता. माझाही तसाच होता, म्हणून कोणाचा कोणता ते काही कळत नव्हतं. मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नाही, हे मला तेव्हा आठवलं.

कचेरीत कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता. कागद अजून त्याच्याच टेबलावर, गठ्ठ्यात, दोऱ्यानं बांधलेला. पंधरा मिनिटं राहिली होती. हे म्हणाले, अर्ज मागे घ्यायचा आहे. कारकुनाला हे असले उद्योग आवडत नसावेत. त्यानं सुस्कारा टाकून दोरा सोडला, आमचा कागद काढला, चष्मा खाली ओढला, दौतीत टाक बुडवला.

“कारण?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कारकुनाकडे. “बायकोची इच्छा.”

“असं कारण चालत नाही हो. अर्ज तुमचा, सही तुमची. तिच्या इच्छेनं कसा मागे घेता येईल?”

मला वाटलं, झालं, आता माझी बाजू घ्यायला मलाच बोलावं लागणार, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. पण ह्यांनी टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली, आणि टेबलावर जरा वाकून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, “मग दोघांची लिहा.”

कारकुनानं लिहिलं. टीपकागद दाबला, कागद फिरवून ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी सही केली, आणि काही न बोलता टाक माझ्या हातात दिला.